ओल्या पोत्यांखालची गाडी

भावाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच लॅबमधून घरी येऊन पाय धूत होते. त्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला माहीतच होतं. नवीन बातमी ही होती की नवरी हॉलवर बाबांच्या अँबॅसिडरमधून येणार. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुणीतरी कोंबड्यांच्या ताब्यात गेलेली जुनी गाडी उचलून आणली आणि बघता बघता ती आरशासारखी चकचकीत करून दाखवली. असले व्हिडिओ पाहिले की माणसाला वाटतं, काम व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. "तू फक्त कुणाला तरी दाखव आणि नीट करण्यासारखी आहे का ते कळव," तो म्हणाला. माझा भाऊ पुण्यात राहतो. उंटावरून शेळ्या हाकायला पुणं सोयीचं पडतं.

मी वैतागले, पण नाही म्हणवेना. बाबा गेल्यापासून ती गाडी उत्तर नागपुरातल्या आमच्या घराच्या अंगणात टिनाच्या शेडखाली उभी होती, आणि तिचं काय करायचं हे आमच्याकडे भिजत घोंगडं होतं. भाऊ म्हणे राहू द्या. माझा नवरा म्हणे भंगारवाल्याला बोलवा, अंगण मोकळं होईल. आई काहीच म्हणत नसे. ती त्या घरात एकटी राहते. मी दर रविवारी जाते, आणि तिथे गेलं की आधी गाडीला वळसा घालून मग घरात शिरावं लागतं, इतकी ती दारातच आहे. म्हणजे होती.

बाबा सरकारी ड्रायव्हर होते. साहेब बदलत, गाडी तीच राही. नोकरी संपत आली त्या सुमारास कचेरीनं ती गाडी निकामी ठरवून लिलावात काढली आणि बाबांनी ती घेतली. ज्या दिवशी ती आमच्या दारात आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सगळी वस्ती जमली होती. बाबा उतरले, वळसा घालून गेले आणि आईसाठी मागचं दार उघडून ताठ उभे राहिले. जन्माची सवय. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, म्हणाली, "मी काय साहेब आहो काय?" आणि स्वतः पुढचं दार उघडून पुढे जाऊन बसली. लोक हसले. बाबा इतके लाजले की त्यांना किल्ली लावायला सुचेना.

पुढे ती गाडी आमची कमी आणि वस्तीची जास्त झाली. कुणाची बाळंतीण न्यायची, कुणाला मेडिकलच्या दवाखान्यात पोचवायचं, की बाबांच्या दाराची कडी वाजायची. आमच्या वस्तीतल्या निम्म्या नवऱ्या त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून रडल्या आहेत. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जायला सावनेरकडून आईच्या माहेरची माणसं यायची तेव्हा त्या गाडीत किती जण बसत ते सांगण्यात अर्थ नाही, ट्रॅफिक पोलिसालाही मोजायचा कंटाळा यायचा. एकमेकांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर डबे, आणि पुढे बाबा, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात चाकावर, जणू काही मागे अजूनही साहेब बसले आहेत.

घरात बाबांना सगळेच दुरुस्त करत. ते बाजारातून आणत ती भेंडी जून निघे, त्यांना रेशनच्या रांगेत कुणीही मागे ढकले, आणि त्यांचं इंग्रजी ऐकून आम्ही भावंडं तोंड दाबून हसत असू. तेही हसायचे. पण गाडीचा विषय निघाला की घरात एकच माणूस बोलायचा. कुठला आवाज चाकाचा आणि कुठला इंजिनचा, पेट्रोलचा वास कधी यावा आणि कधी येऊ नये, यावर त्यांचा शब्द शेवटचा. "माह्या हातानं गाडीले ओरखडा नाही लागला," हे ते एवढ्या वेळा म्हणाले होते की आम्ही ते वाक्य त्यांच्या आधीच म्हणून टाकायचो.

आणि गाडीच्या बाबतीतलं त्यांचं सगळ्यात मोठं शास्त्र होतं उन्हाळ्याचं. नागपूरचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं नाही त्याला ते सांगून कळत नाही, आणि ज्यानं घेतलं त्याला सांगायची गरज नाही. बाबांचं म्हणणं, माणसाला लू लागते तशी गाडीलाही लागते. काचांचं रबर तडकतं, सीटचं रेक्झिन फाटतं, रंग उडतो. शेडवर टिन, म्हणजे तीही भट्टीच. म्हणून मार्च लागला की ते इतवारीत जायचे आणि धान्याच्या ठोक दुकानांतून रिकामी तागाची पोती घेऊन यायचे. ती भिजवून दुपारी गाडीच्या टपावर, बोनेटवर, काचांवर अंथरायची. आत पायाशीसुद्धा एक ओलं पोतं असायचं. उन्हात जाताना आम्ही खिशात कांदा ठेवतो तसा ते गाडीच्या पुढच्या कप्प्यातही एक कांदा ठेवत. आई म्हणायची, आता तिले भाकरही वाढा. पण एवढं खरं की आजूबाजूच्या गाड्यांची रबरं काळ्या पापडासारखी मोडली तरी आमच्या गाडीचं रबर मऊ राहिलं.

बाबा गेले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. शेवटचे काही दिवस ते दवाखान्यात होते आणि बरंचसं असंबद्ध बोलत. मधूनच त्यांना साहेब दिसे, मधूनच सावनेरचा रस्ता. एका सकाळी मात्र ते नीट शुद्धीवर आले, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "ऊन वाढून राहिलं. गाडीवर पोते टाकत जाजो." आई म्हणाली, हाव, टाकतो. त्यानंतर ते बोलले, पण कळेल असं काही बोलले नाहीत.

आमच्याकडे वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, भाऊ पुण्याला परत गेला, आणि त्या दुपारी आई उठली, बादली घेतली आणि पोती भिजवायला बसली. त्या दिवसापासून एकही उन्हाळा चुकला नाही. गाडी चालवणारं कुणी नव्हतं. भावाला येते पण तो इथे नसतो, मला येत नाही. बॅटरी मेली, चाकं जमिनीला टेकली. तरी मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आई सकाळी पोती भिजवून गाडीवर घाली, दुपारी वर पाणी शिंपडी, आणि रात्री झोपायच्या आधी पुन्हा एक बादली. आत पायाशी पोतं असायचंच. नळ नसेल त्या दिवशी कपडे खंगाळलेलं पाणी. तिचे गुडघे दुखत, मी रागावायचे, म्हणायचे अंगणात कूलर लावून दे तिला. मनातून मात्र ते बघून मला बरं वाटायचं. आई आणि बाबांचं अजून काहीतरी चालू आहे असं वाटायचं. असं किती घरांत असतं?

तर भावाच्या त्या फोननंतर मी शहराबाहेरच्या वाडीतल्या एका गॅरेजवाल्याला गाठलं. जुन्या गाड्या नव्या करून लग्नांना भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा आहे. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "काहून दाखवतं कोणाले?" ती म्हणाली. "झाकली मूठ राहू दे." मला वाटलं तिला परका माणूस बाबांच्या गाडीला हात लावणं नको आहे. मी तिला समजावलं, नातीच्या लग्नाचं सांगितलं, आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

दिवाळी होऊन गेली होती, हवा छान पडली होती. गॅरेजवाला आला तो झकपक शर्टात, कपाळावर गॉगल, हातात दोन मोबाइल. मला वाटलं हा नुसता बोलघेवडा असणार, आणि तो बोलघेवडा होताच. ताडपत्री काढल्या काढल्या त्यानं गाडीचं तोंड भरून कौतुक केलं. रबर बघा, सीट बघा, अशी गाडी शहरात दुसरी सापडायची नाही. बोनेट उघडून म्हणाला, "ताई, इंजनचं टेन्शनच नाही. हे तर चालू करून देतो तुमाले." मी सुखावले. भावाला फोन करावा म्हणून पर्समध्ये हातही घातला.

मग त्यानं खिशातून पेचकस काढला आणि दरवाजाखालच्या पट्टीवर ठोकून पाहिलं. आवाज आला नाही. पेचकस आत गेला, शेवयांच्या पुडक्यात बोट जावं तसा. त्याचं बोलणं कमी झालं. त्यानं दारं उघडून पायाखालचं रबरी मॅट उचललं, तर खालची अंगणातली फरशी दिसली. डिक्की उघडली. टपाच्या कडेच्या पन्हळीत बोट फिरवलं, बोटाला तांबडा चुरा लागला, आणि पन्हळीचा एक तुकडाच त्याच्या हातात आला. तो तुकडा त्यानं हळूच गाडीच्या टपावर ठेवून दिला. त्यानं तो खाली टाकला नाही याचं मला बरं वाटलं.

"अजीब आहे," तो म्हणाला. "पाणी खालून नाही आलं ताई. वरून आलं. आणि एक-दोन पावसाचं नाही, बरेच वर्ष ओलंच राहिलं." त्यानं मान वर करून शेड बघितलं. शेड धडधाकट होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. त्यानं सरळ तिलाच विचारलं, "काकू, इथं वर पाण्याची टाकी-बिकी होती काय?"

आई काही बोलायच्या आत मी बोलले. म्हटलं, टाकी नाही हो, तो समोरचा सिमेंटचा रस्ता बघा. रस्ता एवढा उंच केला की सगळ्यांची अंगणं खड्ड्यात गेली, दर पावसाळ्यात पाणी आत येतं. हे खोटं नव्हतं. पाणी येतं. पण ते पावलं बुडतील एवढं येतं आणि ओसरतं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग फार लक्ष देऊन चहा प्यायला लागला.

मला कळलं होतं. 'वरून' हा शब्द त्यानं उच्चारला त्या क्षणी कळलं. आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट कळली, जी मी इतके उन्हाळे बघूनही जोडली नव्हती. बाबा पोती दुपारीच टाकत. ऊन कललं की काढून तारेवर वाळत घालत, आतलं पोतं बाहेर काढत, जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी कानाकोपऱ्यातून पुसत, चारही दारं उघडी ठेवत, आणि मग एक चक्कर मारून येत. कधी पेट्रोल भरायला, कधी नुसतंच. आम्हाला वाटे हौस. गाडी वाऱ्यावर वाळत होती. दवाखान्यातल्या त्या सकाळी ते एवढंच म्हणाले की पोती टाकत जाजो. काढत जाजो हे म्हणाले नाहीत. ते कुणी सांगतं का? चालत्या गाडीचा माणूस तो, त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. आणि आईनं त्यांचा शब्द तंतोतंत पाळला. गाडी बंद, दारं बंद, वर-खाली ओलं ताग, दिवस नाही रात्र नाही. ऊन एवढं की सुकायला हवं, पण सुकलं की आई पुन्हा भिजवायची. ज्या गाडीला तिनं लू लागू दिली नाही, ती गाडी तिच्याच हातून सडली होती.

मी लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्टमध्ये काय आहे ते मला माणसाच्या आधी कळतं, आणि सांगणं माझं काम नसतं. लोक खिडकीशी येऊन माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करतात. नोकरीभर मी तो चेहरा सपाट ठेवायला शिकले. त्या सकाळी आईसमोर मी तोच चेहरा केला, आणि गॅरेजवाल्याला म्हटलं की मी येऊन भेटते.

वाडीला गेले तेव्हा त्यानं मला त्याच्याकडच्या गाड्या दाखवल्या. बाहेर अमरावती रोडवरून ट्रक जात होते आणि आत शेडमध्ये नवऱ्या मुलीसारख्या नटलेल्या गाड्या उभ्या होत्या. एका कोपऱ्यात दुसऱ्या कुठल्याशा अँबॅसिडरचा नुसता सांगाडा होता, इंजिन नाही, सीट नाही, पण पत्रा शाबूत. तो म्हणाला, तुमच्या गाडीचा पत्रा जोडण्यासारखा राहिला नाही, जिथे वेल्डिंग करायला जाऊ तिथे आणखी मोठं भोक पडेल. पण इंजिन तुमचं, स्टेअरिंग तुमचं, सीटा तुमच्या, हे सगळं या सांगाड्यावर चढवतो. बाहेरून पांढरा रंग. "काकूले कळणार पण नाही," तो म्हणाला.

मी भावाला तिथूनच फोन लावला. त्याला कल्पना पसंत पडली. खर्चाचं तो बघणार होता. म्हणाला, माणसाचं नाही का गुडघे बदलतात, मग गाडीचं बदललं तर काय झालं. पुण्यात राहून 'मले'चं 'मला' झालं तरी वाद घालायची पद्धत त्याची आमच्या वस्तीतलीच आहे. मी त्या सांगाड्याच्या टपावर हात ठेवून उभी होते आणि खरं सांगायचं तर मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. डोळ्यांपुढे आलं, आई पुढच्या सीटवर बसली आहे, मागे नात नटून बसली आहे. कुणाला नको असेल ते?

पण मग मार्च आला असता. गाडी दारात उभी राहिली असती, आणि आईनं बादली काढली असती. आता तिला थांबवायचं तर काय सांगून थांबवणार? तू पोती टाकू नको, असं म्हटलं की ती काहून विचारणार, आणि काहूनचं उत्तर एकच होतं. गाडी जगवायची तर आईला सांगावं लागणार होतं की आधीची तू मारलीस. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जिनं नवऱ्याचा शेवटचा शब्द म्हणून हे केलं, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर ही दुसरी गाडीही तशीच जाणार. ट्रकांच्या त्या गोंगाटात मला एकदम रडू आलं. गॅरेजवाला भला माणूस, तो मोबाइलवर बोलत बाहेर निघून गेला.

मी भावाला सांगितलं की नको. गाडी गेली आहे, दुसऱ्याच्या सांगाड्याला बाबांची गाडी म्हणण्यात अर्थ नाही, भंगारात देऊ. तो चिडला. म्हणाला, तुला पहिल्यापासून त्या गाडीचं काही नव्हतं. ते मी ऐकून घेतलं. माझ्या स्वभावाला धरून नव्हतं ते, मी सहसा एकाला दोन ऐकवते.

रविवारी आईकडे गेले. ती अंगणात पाटावर बसून वाल सोलत होती, मी शेजारी बसून सोलायला लागले. मग सांगितलं की गाडी नीट होण्यासारखी नाही. सिमेंटच्या रस्त्यानं खाल्ली, म्हटलं, दर पावसाळ्यात पाणी शिरलं, खालून सगळा पत्रा गेला. सरकारला दोन शिव्याही दिल्या, म्हणजे बोलणं खरं वाटावं. आईनं मान खाली घालून ऐकलं. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, दादाले फोन लाव.

मी लावून दिला. आईनं त्याला माझ्याहून चांगलं सांगितलं. रस्ता कधी झाला, पाणी कुठून शिरलं, चाकं कशी बुडाली, शेजारच्यांच्या भिंतीला कशी ओल आली. ती नुसतीच चाकं बुडवून थांबली नाही, तिनं पाणी दारापर्यंत चढवलं. भाऊ पलीकडे हळूहळू नरम पडत गेला. शेवटी म्हणाला, जाऊ दे आई, तू वाईट वाटून घेऊ नको. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. पाणी दारापर्यंत कधी आलं नव्हतं, आणि हे माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं.

फोन ठेवून तिनं परडी पुढे ओढली. मग गाडीकडे न बघता बोलायला लागली.

"मले माहीत होतं वं," ती म्हणाली. "दोन-तीन उन्हाळे झाले. पोत्यातून तांबडं पाणी येऊन राहिलं होतं. फरशीवर डाग पडे. मी रोज खराट्यानं झाडून काढत होती, तू रविवारी येशीन तं तुले दिसू नये म्हणून."

मी विचारलं, मग बंद काहून नाही केलं?

"कसं करू? तुह्ये बाबा सांगून गेले होते. बंद केलं तर ते चुकले असं झालं असतं." तिनं हातातली शेंग परडीत टाकली. "माणसाले जिंदगीत एकच गोष्ट येत होती. सारे त्याले हसत, आपणही हसलो. गाडीच्या बाबतीत तेवढं कोणी हसत नव्हतं. त्यात पण ते चुकले, हे मी लोकाईले दाखवू? गाडी गेली तं गेली. दादाले सांगू नको बाई. रस्त्यानंच गेली म्हण."

म्हणजे इतके दिवस मी तिच्यापासून जे लपवत होते ते तिला माहीत होतं, आणि ती ते माझ्यापासून लपवत होती, पण वेगळ्याच माणसासाठी. तिच्या मनात क्षणभरही आलं नव्हतं की चूक तिची असेल. तिच्या लेखी चूक बाबांची होती, आणि एवढे उन्हाळे तांबडं पाणी झाडत ती त्यांची अब्रू राखत बसली होती.

आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. आई, बाबा चुकले नव्हते. ते पोती रोज संध्याकाळी काढत, गाडी पुसत, वाऱ्यावर नेत. त्यांचं शास्त्र बरोबर होतं. एवढं म्हटलं की बाबा सुटले असते. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता ती त्यांना परत मिळाली असती, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसानंच जो संशय घेतला होता तो फिटला असता. पण बाबा सुटले की मागे एकटी आई उरत होती, बादली हातात घेऊन. बाबांची बाजू घ्यायला त्या अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची, चाकावरच्या त्या दोन हातांची मला फार आठवण आली.

"हाव आई," मी म्हटलं. "चुकलंच त्यांचं."

आईनं मान हलवली. पदरानं डोळे पुसले, आणि माझीच समजूत काढावी तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"होते बाई असं," ती म्हणाली. "मुद्दाम थोडी केलं त्यायनं."